दोन तोंडांचा साप आणि बसऱ्याचा जाहिज

गेल्या वर्षी मृगाच्या आधी सोलापूरकडच्या आमच्या गावी चुलतभावाच्या घराचा पाया खणताना मांडूळ निघाले. मातकट तपकिरी रंग, मनगटाएवढी जाडी, लांबी दोन हात. मजुरांनी फावडी टाकली आणि पोरे गोळा झाली. दादीने ओसरीवरून बसल्या बसल्या सांगितले, "दुतोंड्या आहे तो. सहा महिने एका तोंडाने चालतो, सहा महिने दुसऱ्या तोंडाने. मारू नका, बरकतीचा असतो."

मारण्याचा प्रश्न नव्हताच. भावाच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून मित्रांना पाठवला होता, आणि मगरिबच्या नमाजनंतर एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याने सलाम केला, खुशाली विचारली आणि मग म्हणाला, "वजन किती भरते? दोन किलोच्या वर असेल तर काही लाख मिळवून देतो. फक्त कुणाला सांगू नका." घराचे बांधकाम कर्जावर चालले होते. भाऊ बराच वेळ गप्प बसून राहिला.

त्या रात्री काय झाले ते पुढे सांगतो. त्या शांततेत मला मात्र बसऱ्याच्या एका माणसाची आठवण येत होती. त्यानेही दोन तोंडांच्या सापाची चौकशी केली होती, साडेअकराशे वर्षांपूर्वी.

अबू उस्मान अम्र बिन बहर हे त्याचे नाव, पण जगाला तो 'जाहिज' म्हणूनच माहीत आहे. जाहिज म्हणजे बटबटीत डोळ्यांचा. टोपणनाव चिडवण्यासाठी पडले, आणि त्याने ते अरबी साहित्यात अमर करून टाकले. जन्म इ.स. ७७६ च्या सुमारास, बसऱ्याच्या गरीब घरात. लहानपणी तो कालव्याकाठी मासळी विके. वाचनाचे वेड असे की पुस्तकविक्रेत्यांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन तो आत बसून वाचत असे, असे त्याच्याबद्दल सांगतात. म्हातारपणी अंगावर पुस्तकांचा ढीग कोसळून तो गेला, असेही सांगतात. ही दुसरी गोष्ट खरी असो वा नसो, त्याला शोभणारी आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर 'हे कुणी पाहिले?' असे विचारले, त्याच्याविषयी आपण ऐकीव गोष्टी पुढे ढकलाव्यात, हे जरा विचित्रच.

'किताबुल हयवान' हा त्याचा सात खंडांचा ग्रंथ. त्यात प्राणी आहेत, शेरोशायरी आहे, कुरआनच्या आयतींवरची चर्चा आहे, विनोद आहेत, भांडणे आहेत. कोंबडा श्रेष्ठ की कुत्रा, यावर तर शेकडो पाने वाद चालतो. शिस्तबद्ध प्राणिशास्त्र हवे असेल तर हा ग्रंथ वाचणाऱ्याला दमवतो. पण एक गोष्ट त्यात सतत दिसते. माहिती कोणाची आहे, हे जाहिज सांगतो आणि त्या माहितीला उलटतपासणीला उभे करतो. अरस्तूला तो मोठ्या आदराने वाचतो, पण त्याचेही म्हणणे तपासल्याशिवाय घेत नाही. आणि तपासण्यासाठी जातो कुणाकडे? गारुड्यांकडे, खाटकांकडे, पक्षी पकडणाऱ्या पारध्यांकडे, खलाशांकडे. ज्याचा हात रोज त्या प्राण्याला लागतो, त्याच्याकडे.

साप सताप या उग्र वासाच्या झाडाजवळ फिरकत नाही, अशी त्या काळी समजूत होती. जाहिजने सापाच्या तोंडावर सतापच टाकून पाहिला. सापाला काही फरक पडला नाही. जिराफ हा उंटीण, रानगाय आणि तरस यांच्या संकरातून होतो, असे पुष्कळ जण छातीठोक सांगत. फारसी नावातच उंट, गाय आणि बिबट्या एकत्र आले आहेत, हा त्यांचा पुरावा. जाहिजने ही कथा उडवून लावली. नाव जोडून बनते म्हणून प्राणीही जोडून बनतो, असे थोडेच आहे?

आणि आता तो साप. दोन डोक्यांच्या सापाची गोष्ट त्याच्या कानावर आली होती. असा साप आपण पाहिला आहे, म्हणणारा एक बद्दू त्याला भेटला. जाहिजने त्याला साधे प्रश्न विचारले. तो कोणत्या बाजूला चालतो? कोणत्या तोंडाने खातो? चावतो कोणत्या तोंडाने? बद्दूने न अडखळता उत्तरे दिली. तो सरपटत नाही, पोरे वाळूत लोळतात तसा लोळत जातो. दुपारचे जेवण एका तोंडाने घेतो आणि रात्रीचे दुसऱ्या. चावताना मात्र दोन्ही तोंडांनी एकदम चावतो. यावर जाहिजचा शेरा एवढाच की हा माणूस जगातला सर्वांत मोठा थापाड्या निघाला.

दुपारचे एका तोंडाने, रात्रीचे दुसऱ्या तोंडाने. आमच्या दादीचे सहा-सहा महिने आणि त्या बद्दूच्या दोन वेळा यांत नात्याचा काही संबंध असेल असे नाही. पण थाप मारणाऱ्याची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते. एवढे मात्र खरे की दोन डोक्यांची सापाची पिल्ले क्वचित जन्मतात. ते शारीरिक व्यंग असते, दोन्ही डोकी एकाच टोकाला असतात आणि अशी पिल्ले रानात फार काळ जगत नाहीत.

जाहिजला डोक्यावर घेताना त्याचीही चूक सांगितली पाहिजे, नाहीतर तो आपल्यावर हसेल. हिंदुस्थानातील गेंड्याबद्दल एक अजब कथा त्याच्या ग्रंथात आली आहे. गेंड्याची मादी सात वर्षे गाभण असते, आणि त्या काळात पिल्लू आईच्या पोटातून डोके बाहेर काढून चरते व पुन्हा आत जाते. जाहिज गेल्यानंतर काही दशकांनी इतिहासकार मसऊदीने ही कथा वाचली. तो स्वतः प्रवासी. सीराफ आणि ओमानहून हिंदुस्थानात ये-जा करणाऱ्यांना आणि इथे भेटलेल्या व्यापाऱ्यांना त्याने गेंड्याबद्दल विचारले. सगळ्यांना त्या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. गेंडा गाई-म्हशीसारखाच वितो, असे ते म्हणाले. जाहिजला हे कुठून मिळाले, कुणा पुस्तकातून की कुणाच्या तोंडून, कळत नाही, असे मसऊदीने लिहून ठेवले. आज आपल्याला माहीत आहे की भारतीय गेंड्याची मादी पंधरा-सोळा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते.

हा मसऊदी आपल्याला परका नाही. इ.स. ९१६ मध्ये, म्हणजे हिजरी ३०४ साली, तो सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजचे रायगड जिल्ह्यातील चौल. तिथे तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, काही सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले आणि काही इथेच जन्मलेले, असे त्याने नोंदवले आहे. जाहिजच्या बसऱ्याचे लोक चौलच्या बाजारात होते.

त्याच अलिबाग तालुक्यात किहीम आहे. मसऊदीनंतर हजार वर्षांनी, १९३० च्या पावसाळ्यात, तिथे एक बेकार माणूस झाडावरची घरटी पाहत तासन्‌तास बसत होता. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात १८९६ साली जन्मलेले सलीम अली. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची नोकरी राहिली नव्हती. मग किहीमला मुक्काम केला. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिने त्यांना आयुष्याचे काम दिले.

सुगरण! नावातच आपण निकाल देऊन ठेवला आहे. बहिणाबाईंच्या कवितेपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे आई पिल्लांसाठी घर विणते. प्रत्यक्षात विणतो तो नर. झाडावर पूर्ण घरट्यांशेजारी अर्धवट घरटीही लोंबत असतात. ती नराने स्वतःच्या आरामासाठी बांधलेली असतात, मादी अंडी उबवते तेव्हा तो तिथे बसतो, असे जुने पक्षितज्ज्ञही मानत. सलीम अलींनी रोजची नोंद ठेवली आणि वेगळेच चित्र दिसले. नर घरटे अर्धे विणतो. मग माद्यांचा थवा येतो. एखादी मादी आत शिरते, ओढून-ताणून बघते आणि पसंत पडले तर तिथेच राहते. मग नर त्याला बोगद्यासारखे दार विणून घरटे पुरे करतो आणि शेजारी दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे काम मादीकडे. अर्धवट राहिलेली घरटी म्हणजे कुणालाच पसंत न पडलेली. (यावरून आपल्या समाजाला उद्देशून विनोद करण्याचा मोह अनेकांना होतो. पक्ष्याला आपल्या भांडणात ओढू नये, असे मला वाटते.)

सुगरण घरट्यात ओला चिखल नेऊन त्यात काजवे चिकटवते आणि उजेड करते, ही गोष्ट तर प्रत्येकाने ऐकली असेल. घरट्यात चिखलाचे गोळे असतात, हे खरे आहे. काजव्यांचे दिवे मात्र आपल्या कल्पनेतले. असत्याला नेहमी असा एखादा खरा चिखलाचा गोळा लागतो, ज्याला ते चिकटते.

सलीम अलींची सुरुवातही एका प्रश्नापासून झाली होती. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणे आपल्याला जायज आहे का, अशी शंका त्या मुलाला आली. त्याने ती मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना दाखवली. मामांनाही ओळखता आली नाही, पण त्यांनी काहीतरी उत्तर ठोकून दिले नाही. चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. घरातील वडीलधाऱ्याने 'मला माहीत नाही, चल विचारू' म्हटले, म्हणून देशाला सलीम अली मिळाले.

आपल्या घरांत हे 'चल विचारू' फार कमी ऐकू येते, आणि मला त्याचे नवल वाटते. कारण आपल्या दीनमध्येच बातमी पडताळण्याची शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने बजावले आहे की एखाद्या बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी खात्री करा. हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडे हुदहुद पक्ष्याने सबाच्या राणीची खबर आणली, तेव्हा त्या छोट्या पक्ष्याची खबरसुद्धा त्यांनी तपासायला घेतली. तू खरे बोललास की खोटे, ते आम्ही पाहू, हा त्यांच्या उत्तराचा आशय सूरह नम्लमध्ये आहे. आणि गंमत अशी की हा हुदहुद आपल्या अंगणात येतो, तेव्हा आपण त्याला सुतार पक्षी म्हणतो. डोक्यावर पंख्यासारखा तुरा आणि जमिनीत चोच खुपसून किडे शोधणारा तो हुदहुद. सुतार वेगळा, तो खोडावर टोचा मारतो.

घुबडाचे तसेच. घराच्या कौलावर घुबड बसले की मयत होणार, म्हणून दगड मारणारी मुसलमान घरे मी पाहिली आहेत. इस्लामपूर्व अरबांचाही असाच समज होता. खून झालेल्या माणसाचा आत्मा 'हामा' नावाचा घुबडासारखा पक्षी होतो आणि बदल्यासाठी ओरडत राहतो, असे ते मानत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शकुन-अपशकुनाबरोबर या हामाचीही समजूत नाकारली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. म्हणजे घुबडाला दगड मारणारे घर नकळत जाहिलियतच्या अरबांच्या बाजूला जाऊन बसते. ते गव्हाणी घुबड बिचारे आपल्या कोठारातले उंदीर खायला आलेले असते.

पालीचे नाव काढले की कुणीतरी हदीसचा हवाला देईल. तो विषय उलमांचा, मी त्यात शिरत नाही. फक्त एवढेच सांगतो की आपल्या घरातील पालीला विष नसते. दुधात पाल पडली तर दूध टाकून द्यावे, कारण तिच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. सापाचे दूध पिणेही असेच. साप दूध पिणारा प्राणी नाही. गारुडी त्याला अनेक दिवस तहानलेला ठेवतात, मग तो समोर आलेले काहीही पितो आणि पुष्कळदा त्याने आजारी पडतो. पुंगीपुढे तो डोलतो ते सुरासाठी नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर आणि हातावर त्याची नजर असते.

इथवर सगळे करमणुकीचे वाटेल. पण आमच्या नात्यातील एक तरुण जमिनीवर चटई टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला. थोड्या वेळाने बोलणे जड झाले, पापण्या उघडेनात. कुणी म्हणाले नजर लागली, म्हणून दम करणाऱ्याला बोलावले. त्याने पाणी फुंकून दिले, ताविज बांधला. पोराला गिळता येत नव्हते. रुग्णालयात नेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. डॉक्टरांनी पापण्या पाहूनच मण्यार ओळखली. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, तिच्या दंशाच्या खुणा दिसत नाहीत आणि वेदनाही फारशा होत नाहीत. विष श्वासाचे स्नायू बंद पाडते. चार दिवस यंत्रावर काढून तो अल्लाहच्या कृपेने वाचला. सगळेच वाचत नाहीत. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार.

दम करून साप उतरल्याचे किस्से मग कसे ऐकू येतात? आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी, आणि तेही कधीकधी विष न सोडता चावतात. त्या रोग्याला काहीही केले असते तरी तो बराच झाला असता. श्रेय मात्र फुंकणाऱ्याला मिळते.

यावर एक वडीलधारे मला म्हणाले, "सहाबांनी विंचू चावलेल्या सरदारावर सूरह फातिहा पढली होती आणि तो बरा झाला होता. मग तुम्ही दम करायला नको म्हणता का?" नाही, तसे मी म्हणणार नाही. ती हदीस मलाही माहीत आहे. पण इलाज करा, अल्लाहने प्रत्येक आजारावर औषध ठेवले आहे, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. फातिहा रिक्षात बसून पढता येते. चावलेला हात-पाय हलू देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, ब्लेडने चिरू नये, रक्त चोखू नये आणि प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ते कितीतरी दशकांपासून तयार होत आले आहे.

आता त्या रात्रीकडे येतो. भावाच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. फोनवरच्या माणसाची थाप दादीच्या गोष्टीवरच उभी होती. दोन तोंडांचा साप, बरकतीचा साप, गुप्तधन दाखवणारा साप. आधी गोष्ट विकली जाते, मग साप. मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. विकत घेणारे लखपती बरेचदा अस्तित्वातच नसतात, पण पिशवीत साप घेऊन उभी असलेली पोरे पकडली जातात आणि तुरुंगात जातात. मी भावाला एवढेच विचारले, "या सापाने श्रीमंत झालेला एक तरी माणूस तू पाहिला आहेस?" त्याने थोडा विचार केला आणि मुलाला सांगितले, "वनखात्याला फोन लाव."

सकाळी वनरक्षक आले, सोबत तालुक्याचा एक सर्पमित्र होता. त्याने पोरांना गोल बसवले. मांडूळ हातात घेतले तसे त्याने अंगाचे वेटोळे करून डोके आत दडवले आणि शेपटीचे बोथट टोक वर काढले. शत्रूने डोक्याऐवजी शेपटीवर हल्ला करावा म्हणून त्याची ही युक्ती. त्यामुळेच शेपूट दुसऱ्या तोंडासारखे दिसते. विकणारे त्यावर चाकूने डोळ्या-तोंडाच्या खुणाही कोरतात, असे त्याने सांगितले. हा साप बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारा, अंडी न घालता थेट पिल्ले देणारा. बरकत असलीच तर ती वाचलेल्या धान्याची.

भावाच्या धाकट्या मुलीने दोन्ही टोके जवळून पाहिली. एका टोकाला बारीक डोळे आणि आतबाहेर होणारी जीभ, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. ती धावत ओसरीवर गेली.

"दादी, एकच तोंड आहे! मी पाहिलं."

दादी तसबी फिरवायची थांबली. "मग माझ्या आजीनं दुसरं तोंड पाहिलं तरी कुठं?" असे म्हणून ती काठी घेऊन स्वतःच पायऱ्या उतरू लागली.